दहशतवादाकडे तरुण का ओढला जातो?

प्रास्ताविक

दरवर्षी जुलै महिन्याची ११ तारीख आली की आमच्या नवघरच्या घरी एक आठवण निघाल्यावाचून राहत नाही. ११ जुलै २००६ रोजी मी जेमतेम एक वर्षाचा होतो. माझे बाबा त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे चर्चगेटहून भाईंदरकडे यायला निघाले होते. सहा वाजून चोवीस मिनिटांपासून अवघ्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि सातवा आपल्या अगदी दाराशी, मीरा रोड व भाईंदर यांच्या दरम्यान. जवळजवळ दोनशे माणसे मेली, सातशेहून अधिक जखमी झाली. बाबांची गाडी मागे होती म्हणून ते वाचले. रुळांच्या कडेने चालत ते रात्री उशिरा घरी पोचले, तेव्हा आई मला कडेवर घेऊन जिन्यातच बसली होती. रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसांनी घरातल्या चादरी आणून त्यांतून जखमींना उचलून नेले, हे मात्र बाबा दरवर्षी आवर्जून सांगतात. चादर देणाऱ्याने जखमीची जात वा धर्म विचारला नाही, असे ते म्हणतात.

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला हा विषय निघाला असता आमच्या प्राध्यापकांनी एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "असे कृत्य करणारा कोणीही असो, तो कधी तरी कोणाच्या तरी वर्गात बसला असेल. त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसत होते?" वर्गात कोणीच उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा एक अल्पसा प्रयत्न होय.

संज्ञेचा विचार

'दहशत' हा शब्द राजकारणात रूढ झाला तो फ्रेंच राज्यक्रांतीतील १७९३–९४ या काळात. गंमत अशी की त्या वेळी दहशत निर्माण करणारे खुद्द राज्यकर्तेच होते. आज दहशतवादाची सर्व राष्ट्रांना मान्य अशी एकच व्याख्या नाही. तरीही अभ्यासासाठी आपण असे म्हणू शकतो की, राजकीय, धार्मिक वा वैचारिक हेतूने निरपराध माणसांवर हिंसा करणे आणि त्या हिंसेने इतर असंख्य माणसांच्या मनात भीती बसविणे म्हणजे दहशतवाद. मेलेला माणूस हे दहशतवाद्याचे खरे लक्ष्य नसतेच. त्याचे लक्ष्य उरलेली माणसे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत चढताना शेजारच्या प्रवाशाच्या पिशवीकडे आपण संशयाने पाहिले, तर त्याचा हेतू सफल झाला असे समजावे.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो. आमच्या वर्गातही तो विचारला गेला. अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी आपल्या ठाण्याच्याच तुरुंगात ते फासावर गेले. तेही तरुण होते, त्यांच्याही हाती पिस्तूल होते. मग फरक कोणता? माझ्या मते फरक दुहेरी आहे. एक तर त्यांचा रोख परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यावर होता, गाडीतून घरी जाणाऱ्या अनोळखी प्रवाशांवर नव्हता. दुसरे असे की, त्या काळी या देशातील माणसाला आपले राज्यकर्ते बदलण्याचा अधिकारच नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा मांडला. सनदशीर मार्ग बंद होते तोवर अन्य मार्गांना काही समर्थन होते, ते खुले झाल्यावर रक्तरंजित मार्गाला समर्थन उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पण त्याच भाषणात त्यांनी दुसराही इशारा दिला होता, तो आपण सोयीस्करपणे विसरतो. सामाजिक व आर्थिक विषमता लवकर दूर केली नाही, तर ती सोसणारे लोक या लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असे त्यांनी बजावले होते. हे दोन्ही इशारे एकत्र वाचल्याशिवाय आपला विषय पुरता समजणार नाही.

झेंडे निराळे, वाट एकच

दहशतवाद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकाच धर्माचा चेहरा उभा राहतो. हा आपल्या विचारातला मोठा दोष आहे. महाराष्ट्रातीलच तीन निरनिराळी उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण कल्याणचे. मे २०१४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातील कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तेथून 'इस्लामिक स्टेट' या संघटनेत सामील होण्यासाठी निघून गेले. ती विशीतली मुले होती आणि त्यांच्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेलेही होते. त्यांना ओढून नेणारे साधन बंदूक नव्हती, ते होते घरातला संगणक आणि मोबाइल. त्यांच्यापैकी एक जण नोव्हेंबर २०१४ मध्ये परत आला व त्याला अटक झाली. लढायला म्हणून गेलेल्या त्याला तेथे हलकीसलकी कामे करावी लागली, असे त्याने चौकशीत सांगितल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या होत्या. स्वप्न आणि वस्तुस्थिती यांतले अंतर त्या एका बातमीत दिसते.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या टोकाचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोन तरुणांना या हत्येबद्दल जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडले. ऑगस्ट २०१८ मध्ये तर खाडीपलीकडे, भाईंदरपासून तिसऱ्या स्थानकावर, नालासोपाऱ्यात दहशतवादविरोधी पथकाने गावठी बॉम्बांचा साठा पकडला. कायद्याच्या भाषेत या घटनांना कोणते कलम लागू पडते हा विधिज्ञांचा विषय आहे आणि कोणाचा दोष किती हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. माझा मुद्दा एवढाच की, ज्याचे विचार पटत नाहीत त्याला बोलू देण्याऐवजी मारूनच टाकावे, असे वाटू लागलेली मुले आपल्याच मातीतली आहेत आणि ती आपल्यासारखेच मराठी बोलतात.

तिसरे उदाहरण गडचिरोलीचे. १९८० च्या सुमारास तेथे नक्षलवादी चळवळ आली. जंगलावर पोट असलेल्या आदिवासींना वनखात्याचे कर्मचारी व ठेकेदार नाडत होते आणि तेंदूपानाला पुरता भाव मिळत नव्हता. त्या संतापाचा आधार घेऊन 'दलम' गावागावांत शिरले. त्यांच्याबरोबर गाणी व नाटके करणारी पथके आली. शाळा सुटलेली कोवळी मुले-मुली गणवेश आणि बंदूक यांच्या ओढीने निघून गेली. काही मुली तर मनाविरुद्ध ठरविलेले लग्न टाळण्यासाठी जंगलात गेल्या. पुढे त्याच चळवळीने खबरे ठरवून किती तरी आदिवासींनाच ठार केले. २००५ पासून राज्य शासनाने शरणागती पत्करणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना चालविली आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने ओळखला जाणारा ज्येष्ठ नेता साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. त्यांच्यातल्या अनेकांचे तारुण्य मात्र जंगलातच संपले होते.

एकाच्या हाती धर्माचा झेंडा, दुसऱ्याच्या हाती दुसऱ्या धर्माचा, तिसऱ्याच्या हाती वर्गलढ्याचा. पण घरातून निघून त्या झेंड्याखाली पोचेपर्यंतची वाट मात्र तिघांची एकच आहे. तीच आपल्याला तपासायची आहे.

रूढ कारणे आणि त्यांचा अपुरेपणा

या प्रश्नाची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात ती तीन : गरिबी, अज्ञान आणि धर्म.

गरिबी हे कारण गडचिरोलीला काही अंशी लागू पडते. पण कल्याणची मुले उपाशी नव्हती. शिवाय गरिबी हेच कारण असते तर या देशातील कोट्यवधी गरिबांनी शस्त्रे उचलली असती. वस्तुतः ते सकाळी उठून कामावर जातात. आमच्या नवघर भागात स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत दिवसभर पॉलिशच्या काळ्या धुळीत उभी राहणारी शेकडो मुले आहेत. त्यांना बॉम्ब करण्याचा विचारही शिवत नाही.

अज्ञान म्हणावे तर शिकलेली मुलेही या वाटेने गेली आहेत. दिएगो गाम्बेत्ता व स्टेफेन हेर्टोग या अभ्यासकांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात तर असे दाखविले की, इस्लामी अतिरेकी गटांत अभियंत्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक आढळते. तेव्हा पदवी म्हणजे विवेक नव्हे.

आता धर्म. मार्क सेजमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १७२ व्यक्तींच्या चरित्रांचा अभ्यास करून २००४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ही माणसे प्रथम विचाराने पटून संघटनेत गेली असे बहुधा घडले नाही. प्रथम मैत्री जडली, नाते जुळले आणि मित्रांच्या पाठोपाठ माणूस संघटनेत गेला. किंबहुना अनेकांचे धर्माचे ज्ञान जुजबीच होते. जो आपला धर्म घरी आजीकडून शिकला आहे, त्याला फसविणे कठीण असते. ज्याने तो मोबाइलवरील चार चित्रफितींतून शिकला, त्याला फसविणे सोपे.

याचा अर्थ गरिबी, अन्याय किंवा धर्मवेड यांना महत्त्व नाही असा नव्हे. ती सरपणासारखी आहेत. पण सरपण आपोआप पेटत नाही.

मग ठिणगी कोणती?

एमिल द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्येचा अभ्यास करताना एक अवस्था वर्णिली आहे. समाजाचे जुने नियम सुटलेले असतात, नवे रुजलेले नसतात आणि माणूस अधांतरी होतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने तारुण्याविषयी असेच सांगितले. 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर मिळविणे हे या वयाचे मुख्य काम असते आणि उत्तर न मिळाल्यास तरुण कोणतेही तयार उत्तर पत्करावयास सिद्ध होतो.

आपल्या परिसराकडे या दृष्टीने पाहा. नवघर हे एके काळी मिठागरे आणि भातशेतीमधले गाव होते. १९८५ मध्ये आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेलेली होती. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील येथे बाहेरून आले. ते पहाटेची गाडी पकडतात आणि रात्री परततात. शेजारच्या दारावरची पाटी बदलली तरी कित्येकदा आपल्याला कळत नाही. अशा शहरात एखादा मुलगा गर्दीत राहूनही एकटा पडू शकतो.

मी वाचलेल्या हकीगतींवरून या वाटेचे पाच टप्पे मला दिसले.

पहिला टप्पा अपमानाचा. तो स्वतःचा असेल किंवा उसना असेल. नोकरीच्या मुलाखतीत आडनावावरून विचारलेला प्रश्न, पोलिसाने सर्वांदेखत मारलेली थप्पड किंवा हजारो मैलांवरच्या कुठल्या तरी अत्याचाराची चित्रफीत.

दुसरा टप्पा म्हणजे ऐकणारा भेटतो. तो घाई करत नाही, शस्त्राचे नाव काढत नाही. तो फक्त म्हणतो, "तुझे बरोबर आहे. तुझ्यावर अन्याय झाला."

तिसरा टप्पा तोडण्याचा. जुने मित्र भित्रे ठरतात, आईवडील 'बिघडलेले' ठरतात, शिक्षक 'विकले गेलेले' ठरतात.

चौथा टप्पा नव्या नावाचा. ज्याला घरी 'आळशी' आणि वर्गात 'ढ' म्हणत, तो एकाएकी 'सैनिक', 'रक्षक' किंवा 'कॉम्रेड' होतो.

पाचवा टप्पा कामगिरीचा. त्याला असे काही तरी करायला लावले जाते की परतण्याचा मार्गच बंद व्हावा.

या पाचांपैकी निर्णायक टप्पा माझ्या मते दुसरा होय. अपमान सर्वांच्याच वाट्याला येतो. प्रश्न असा आहे की, अपमान झालेल्या मुलापाशी पहिल्यांदा कोण पोचतो? आई पोचते, मित्र पोचतो, शिक्षक पोचतो की तो 'ऐकणारा' पोचतो?

एक अनुभव

हे सारे मी पुस्तकी लिहिले असते, पण येथे मला एक कबुली देणे भाग आहे. अकरावीत असताना आमच्या इमारतीतला एक मित्र बदलू लागला. त्याचा धर्म कोणता हे मी मुद्दाम सांगत नाही. वाचकाने मनाशी जो धर्म धरला असेल, तो का धरला याचा त्यानेच विचार करावा. त्याच्या मोठ्या भावाला एका किरकोळ भांडणात भर रस्त्यात मारहाण झाली होती आणि मारणारे दुसऱ्या समाजाचे होते. त्यानंतर त्याने क्रिकेटला येणे सोडले. रात्री दोन-दोन वाजता तो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चित्रफिती टाकू लागला. 'झोपलात काय', 'तुमच्या अंगात रक्त आहे की पाणी', असले मजकूर त्यांच्याखाली असत. आम्ही आधी हसलो, मग वैतागलो. एके दिवशी आम्ही सर्वांनी मिळून त्याला गटातून काढून टाकले. काढण्याचे बटण माझ्या हातून दाबले गेले. आपण फार शहाणपणाचे काम केले, असे मला तेव्हा वाटले होते.

त्यानंतर सहा महिने तो आमच्यापैकी कोणाशीही बोलला नाही. त्या सहा महिन्यांत तो कोणाशी बोलत होता, हे आम्हाला माहीत नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही.

त्याला परत आणण्याचे श्रेय आमच्याकडे मुळीच जात नाही. ते जाते इतिहास शिकविणाऱ्या एका बाईंकडे. निबंधात त्याने लिहिलेला जहाल मजकूर वाचून त्यांनी त्याला प्राचार्यांपुढे उभे केले नाही की घरी चिठ्ठी पाठविली नाही. त्यांनी त्याला ग्रंथालयात बोलावले आणि म्हटले, "हे तू कुठे पाहिलेस? मलाही दाखव." त्याने चित्रफीत दाखविली. बाईंनी त्याच्यासोबत बसून ती कोठली हे शोधून काढले. ती आपल्या देशातली नव्हतीच, दुसऱ्याच देशातल्या एका जुन्या घटनेची होती. तो म्हणाला, "ही खोटी असेल, पण माझ्या भावाला मारले ते खरे आहे." बाई म्हणाल्या, "ते खरे आहे. त्याची तक्रार केलीत का?" केली नव्हती. दोन दिवसांनी बाई स्वतः त्याच्या वडिलांबरोबर पोलीस चौकीत गेल्या. तक्रार नोंदविली गेली.

मी हे फार चांगले झाले असे लिहून संपविणार नाही. तो मित्र आज एका भांड्यांच्या गाळ्यात हिशेब लिहितो, रात्रीच्या महाविद्यालयात शिकतो. जिन्यात भेटला तर हसतो. पण आमच्यात पूर्वीची मैत्री उरलेली नाही. तो दहशतवादी झाला असता असे मी म्हणणार नाही, तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्याला माणसाची गरज होती तेव्हा मी त्याच्यासाठी दार बंद केले, एवढेच मला म्हणता येते. प्राध्यापकांनी विचारलेल्या प्रश्नात शेजारच्या बाकावर बसलेला तो मी होतो.

उपाययोजना

रोगाचे निदान असे असेल तर उपायही त्याच टप्प्यांवर करावयास हवेत.

१) *न्याय* : अपमान आणि अन्याय यांची दाद लागणे हा पहिला प्रतिबंध होय. यात तपास आणि न्यायदान यांचा वाटा मोठा आहे. २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. नंतर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले. म्हणून या लेखात तो स्फोट कोणी केला याविषयी मी एक शब्दही लिहू शकत नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळाले नाही आणि सुटलेल्यांची वर्षे परत आली नाहीत. चुकीच्या माणसाला पकडणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला सोडणे तर असतेच, शिवाय त्या 'ऐकणाऱ्या'च्या हाती एक खरी गोष्ट देणेही असते. खोट्या चित्रफितीपेक्षा खरा अन्याय त्याला अधिक उपयोगी पडतो.

२) *शेजार* : याचे उत्तम उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. पुढे सुरेश खोपडे हे तेथे पोलीस उपायुक्त असताना १९८८ पासून त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसे व तिथलाच पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागली. नळाचे भांडण, भाडेकरूचा वाद यांसारखे प्रश्न तेथेच सुटू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, समित्या दंगल झाल्यावर नव्हे, शांततेच्या काळात बांधल्या होत्या. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री मीरा रोडला जी चकमक झाली, तिच्यानंतर आपल्या शहरातही अशा समित्या वस्तीवस्तीत असाव्यात असे मला तीव्रतेने वाटते.

३) *परतीची वाट* : पाचव्या टप्प्यावर पोचलेल्यालाही परत येता आले पाहिजे. डेन्मार्कमधील आरहूस या शहरातून २०१३ मध्ये सुमारे तीस तरुण सीरियाला गेले होते. तेथील पोलीस व नगरपालिका यांनी मिळून परतलेल्यांना व जाण्याच्या बेतात असलेल्यांना मार्गदर्शक माणूस, शिक्षण आणि काम मिळवून देण्यावर भर दिला. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची संख्या अगदीच नगण्य झाली. ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षा होतेच, पण ज्याने केला नाही त्याला हात दिला जातो. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानेही भरकटू लागलेल्या काही तरुणांना अटक न करता कुटुंब व धर्मगुरू यांच्या साहाय्याने समुपदेशनाने परत आणण्याचा मार्ग अवलंबिला आहे. गडचिरोलीची शरणागती योजनाही याच विचारातली.

४) *महाविद्यालय* : तरुणाला साहस हवे असते, गट हवा असतो, नाव हवे असते. या भुका वाईट नाहीत. साने गुरुजींसारख्यांनी त्या ओळखल्या होत्या. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलांना गणवेश दिला, गाणी दिली, श्रमाचे काम दिले आणि निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसविली. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे, पण आपण तिच्याकडे केवळ गुणांसाठी पाहतो. या संदर्भात माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, सेवा योजनेचे गट आडनावे पाहून नव्हे तर चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे एकमेकांना न ओळखणारी मुले एकत्र काम करतील. दुसरी, ग्रंथालयाबाहेर एक फलक लावावा आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संशयास्पद मजकुराची सत्यासत्यता विद्यार्थ्यांनीच शोधून त्यावर लिहावी. तिसरी, आठवड्यातून एक तास असा असावा की कोणत्याही विद्यार्थ्याने येऊन एखाद्या शिक्षकाशी काहीही बोलावे आणि ते बोलणे त्या खोलीबाहेर जाऊ नये.

५) *घर आणि मित्र* : येथे सरकारचे काम नाही, आपले आहे. एखादा मुलगा एकाएकी गप्प झाला, खेळ सोडला, जुन्या मित्रांचा तिरस्कार करू लागला, तर त्याला विचारावे. त्याच वेळी दुसरी दक्षताही घ्यावी. दाढी वाढविली, टिळा लावला, नमाज पढू लागला, उपवास धरू लागला, म्हणून कोणावरही संशय घेऊ नये. धर्म पाळणे हे दहशतवादाचे लक्षण नव्हे. ज्याच्याकडे आपण संशयाने पाहतो, त्याला आपण स्वतःच तिसऱ्या टप्प्याकडे ढकलत असतो. मात्र कोणी हिंसेचा प्रत्यक्ष बेत बोलून दाखविला, तर ते वडीलधाऱ्यांना व पोलिसांना सांगणे हाच मैत्रीधर्म होय. कल्याणच्या त्या तरुणाच्या घरच्यांनी त्याला परत आणण्यासाठी सरकारकडेच धाव घेतली होती, हे येथे आठवावे.

समारोप

बंदोबस्त, कायदा, गुप्तवार्ता यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. पण पोलीस येतो तो बहुधा पाचव्या टप्प्यावर. त्याच्या आधीचे चार टप्पे घरात, वर्गात, जिन्यात आणि मैदानावर घडतात, आणि तेथे आपण असतो.

बाबा सांगतात ती चादरीची गोष्ट मला आता वेगळ्या अर्थाने कळते. रुळाकाठच्या त्या माणसांना कोणी शिकविले नव्हते. माणूस पडलेला दिसला, त्यांनी घरात जाऊन चादर आणली. विशीतला मुलगा पडतो तेव्हा रक्त दिसत नाही, म्हणून आपण चादर आणायला जात नाही. त्याचे पडणे ओळखावयास शिकणे, हा आपल्या सर्वांचाच अभ्यासक्रम असावा.

ज्या दिवशी हा लेख लिहून झाला, त्या संध्याकाळी मी त्या मित्राचे दार ठोठावले. आम्ही नवघर नाक्यापर्यंत चालत गेलो, चहा घेतला. फारसे बोलणे झाले नाही. निघताना तो म्हणाला, "रविवारी खेळायला जागा आहे का?" मी म्हटले, "आहे."